ते शंभर कुठले?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात आमचा कॅमेरा बसवून दोन दिवस झाले होते. पट्ट्यावरून गर सरकायचे, कॅमेरा फोटो घ्यायचा, मॉडेल, म्हणजे फोटो बघून शिकलेला प्रोग्रॅम, डागी गर ओळखायचं आणि हवेच्या झोताने तो गर बाजूच्या ट्रेमध्ये पडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी गर निवडणाऱ्या बायकांपैकी एका मावशीने तो ट्रे माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाल्या, "बाय, ह्यात वाईट किती आहेत ते तूच मोज."

हजारेक गर पुढे गेले होते. ट्रेमध्ये ५९ पडले होते आणि त्यातले खरोखर डागी फक्त ९. बाकीचे ५० पांढरेशुभ्र अख्खे गर, ‘तीनशेवीस’ प्रतीचे, म्हणजे पौंडाला साधारण ३२० भरणारे. ते पुन्हा हाताने निवडायचं काम त्या बायकांवरच येत होतं.

ऑफिसात याच मॉडेलची चाचणी घेतली होती, तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. ५०० डागी आणि ५०० चांगल्या गरांचे फोटो दिले. डागींपैकी ४५० सापडले, चांगल्यांपैकी फक्त २५ चुकीने बाजूला गेले. मग कारखान्यात काय बिघडलं? कोड तोच, कॅमेरा तोच. मी वहीचं पान उघडलं आणि हिशेब मांडला. कारखान्यात निम्मे गर डागी नसतात, शंभरात एखादाच असतो. हजारात डागी १०, त्यातले ९ सापडले. चांगले ९९०, त्यांच्या ५ टक्के म्हणजे जवळजवळ ५०. मॉडेल चाचणीत वागलं तसंच कारखान्यातही वागत होतं. आम्ही टक्के बघितले, पण ते शंभर कुठले हे विचारलं नाही.

हा बेझचा सिद्धांत: पुरावा तोलताना ती गोष्ट मुळात किती आढळते हेही धरायचं. बारावीच्या पुस्तकात संभाव्यतेच्या धड्यात आहे. मी त्यावर पूर्ण मार्क मिळवले होते, आणि तरीही तो मला खऱ्या अर्थाने समजला तो त्या ट्रेपुढे.

डिचोली, फोंड्याकडची मुलं मला विचारतात, एआयमध्ये जायचं तर गणित किती लागतं? त्यांच्यातली बरीच माझ्यासारखीच चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पाचवीला एकदम इंग्रजीत गेलेली, आणि तिथेच गणिताशी अंतर पडलेली. त्यांना मी आधी हे सांगते की साध्या सॉफ्टवेअरच्या कामात, म्हणजे वेबसाइट, अ‍ॅप, बिलिंग, रोज कॅल्क्युलस लागत नाही. तिथे लागतं ते तर्कशास्त्र, आणि काम वाढलं की वेळ किती वाढेल याचा अंदाज. दहा लाख नावांच्या क्रमाने लावलेल्या यादीत एक नाव शोधायला निम्मे-निम्मे करत गेलं तर वीस पायऱ्या पुरतात. ज्याला हे कळलं त्याचा प्रोग्रॅम गिऱ्हाईक वाढल्यावरही चालतो. आणि रुपयांचा हिशेब दशांश अपूर्णांकात ठेवू नका, पूर्णांकात ठेवा, म्हणजे १२.५० रुपये नाही, १२५० पैसे. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज सांगितली तर बहुतेक भाषांत ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमका बसतच नाही.

एआयमध्ये मात्र गणित टाळून फार पुढे जाता येत नाही. मॉडेल चालवता येतं, पण ते बिघडलं की कुठे हात घालायचा ते कळत नाही. तीन गोष्टी लागतात: संभाव्यता, मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकटीत मांडलेले तक्ते) आणि विकलन (एक आकडा जरासा बदलला तर दुसरा किती बदलतो ते काढणं). संभाव्यतेचं वर सांगितलंच.

मॅट्रिक्सबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोटोत हजारो पिक्सेल असतात, पण एका फोटोपासून दुसऱ्यातला बहुतेक फरक मोजक्या दिशांत, म्हणजे पिक्सेल एकत्र बदलण्याच्या मोजक्या तऱ्हांत, मावतो. त्या दिशा शोधायच्या आणि बाकीचं सोडायचं, यामागच्या प्रमेयाला पुस्तकांत कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांचं नाव असतं. त्या दोघांच्याही आधी, १९४३ साली, दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते मांडलं होतं. तेच कोसंबी, १९०७ साली गोव्यात कोसबेला जन्मलेले. आपल्याकडे त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. आता काही ठिकाणी त्या प्रमेयाला त्यांचंही नाव जोडतात. मॅट्रिक्सचा धडा समोर आला की हे आठवा, तो परका वाटणार नाही.

विकलन शिकताना सूत्रं पाठ करत बसू नका. एकदा कागदावर मॉडेलला स्वतःच्या हाताने शिकवा. इनपुट २, अपेक्षित उत्तर ६, आणि मॉडेलकडे एकच आकडा, ज्याने इनपुटला गुणायचं. तो १ पासून सुरू करा. उत्तर २ येतं, चूक ४ ची, तिचा वर्ग १६. त्या वर्गाचं विकलन केलं की उतार उणे १६ मिळतो. शिकण्याचा वेग ०.०५ धरला, म्हणजे उताराला ०.०५ ने गुणून ते आकड्यातून वजा केलं, तर आकडा १ वरून १.८ होतो. पुढच्या फेरीत २.२८, मग २.५६८. तो ३ कडे सरकताना दिसतो, आणि मोठमोठी मॉडेल्सही कोट्यवधी आकड्यांवर मुळात हेच करतात. आता वेग ०.३ धरून तेच करा. १ वरून थेट ५.८, तिथून उणे ०.९२, आणि दर फेरीत ३ पासून आणखी लांब. पुढे कधी प्रशिक्षण चालू असताना चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, तर या कागदामुळे आधी वेग तपासायचं सुचेल. मला एका शिक्षकांनी हे फळ्यावर करून दाखवलं होतं, त्यांचे उपकार मी विसरत नाही.

कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगते. आम्ही मॉडेल बदललं नाही. किती खात्री असली तर गर बाजूला टाकायचा, ती मर्यादा वर नेली. त्याने काही डागी गर निसटणार होते, म्हणून किती निसटलेले चालतील हे मालकांना आणि त्या मावशींना विचारून ठरवलं. आणि चाचणीचे फोटो नव्याने घेतले, या वेळी पट्ट्यावरून जसे येतात तसे, शंभरात एक.