अपंगत्व पेन्शन नाकारली गेल्यास आधी वैद्यकीय मंडळाचा अहवाल वाचावा

सैन्यातून बाहेर पडताना अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला असेल, तर अपिलाचा मसुदा लिहिण्यापूर्वी रिलीज मेडिकल बोर्डाच्या (सेवेतून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या) कार्यवाहीची संपूर्ण प्रत मिळवावी. नसल्यास ती माहिती अधिकारात मागता येते. त्यात दोनच गोष्टी बारकाईने पाहाव्यात: अपंगत्वाची टक्केवारी, जी सामान्यतः किमान २० असावी लागते, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, याविषयीचे मत. बहुतेक दावे या दुसऱ्या रकान्यात अडतात. ‘सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा मारून कारण दिलेले नसेल, तर तोच अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो. कारण भरतीच्या वेळी त्या आजाराची नोंद नसेल आणि तो तेव्हा का लक्षात येऊ शकला नाही याची कारणे मंडळाने दिलेली नसतील, तर तो सेवाकाळातच उद्भवला असे मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटले आहे. मात्र २०२३ मध्ये पात्रतेचे नवे नियम आले असल्याने आपल्याला कोणते नियम लागू होतात, हे सेवासमाप्तीच्या तारखेवरून आधी ठरवावे.

पहिले अपील नकारपत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करावे. त्यानंतर दुसरे अपील आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे, असे मार्ग उरतात. दुखापतीचा दावा असल्यास त्या वेळचा जखमेचा अहवाल जोडावा. केवळ सहकाऱ्याच्या लेखी निवेदनावर विसंबून राहू नये. कागदांबाबत अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.