जागलीवरचा शॉर्टवेव्ह रेडिओ: लावायचा कसा, जपायचा कसा

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या बाजूला वावरात जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, सुरू होते. रानडुकरांचा कळप किंवा रोही (नीलगाय) एका रात्रीत अर्धं वावर मोकळं करून जातात, त्यामुळे मचाणावर कुणीतरी बसलेलं लागतंच. मोबाइलची रेंज धुऱ्यापलीकडे टिकत नाही. सोबतीला रेडिओ असतो. याच दिवसांत पोरं माझ्याकडे सेट घेऊन येतात आणि म्हणतात, "काकाजी, यात काहीच येऊन नाही राह्यलं." बहुतेक वेळा सेट ठणठणीत असतो. वेळ, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) किंवा बसायची जागा चुकलेली असते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे वाचा.

पहिल्यांदा साध्या गोष्टी बघा. सेल उलटे बसलेत का? डिजिटल सेटवर लॉकचं बटण दाबलं गेलंय का? बाजूला ‘डीएक्स’ आणि ‘लोकल’ असं लिहिलेलं बटण असेल तर ते ‘डीएक्स’वर, म्हणजे लांबच्या स्टेशनांवर हवं. इअरफोनची पिन खोचून काढली की कधीकधी आतली पट्टी तशीच अडकून राहते आणि स्पीकर मुका होतो. पिन चार-सहा वेळा आतबाहेर करा. त्यानंतर मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला नागपूर आकाशवाणी लावून बघा. ती लागली तर सेटचा आवाजाचा भाग चांगला आहे, आता शॉर्टवेव्हकडे वळायला हरकत नाही.

शॉर्टवेव्हचं सगळं गणित सूर्यावर चालतं. दिवसा जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटरवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात. तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच्या बराच वर, २५०-३०० किलोमीटरच्या आसपास असलेला एफ थर त्या लहरी परत जमिनीकडे वळवतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच: दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी, रात्री खालच्या. बँडची नावं लहरीच्या लांबीवरून, मीटरमध्ये असतात. भर दुपारी १९ मीटर म्हणजे १५,१०० ते १५,८०० किलोहर्ट्झ आणि १६ मीटर म्हणजे १७,४८० ते १७,९०० इथे शोधा. रात्री ३१ मीटर (९,४०० ते ९,९००), ४१ मीटर (७,२०० ते ७,४५०) आणि ४९ मीटर (५,९०० ते ६,२००) भरून वाहतात. २५ मीटरचा पट्टा, ११,६०० ते १२,१००, दिवस-रात्रीच्या सांध्यावर छान चालतो. सेटवर नुसते मीटर छापलेले असतील तर ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात.

दुपारी १२ वाजता ४९ मीटर लावून "काहीच येत नाही" म्हणणारे फार भेटतात. त्याच माणसाला रात्री ९ वाजता तोच बँड लावून दिला की चेहरा बघण्यासारखा होतो.

कधीकधी भरदिवसा सगळा शॉर्टवेव्ह एकदम गप्प होतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला की प्रकाश पडलेल्या बाजूला हे घडतं. काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत आवाज परत येतो, सेट उघडू नका. सूर्याच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. आताच्या चक्राचा जोर २०२४ च्या आसपास होता. पुढच्या काही वर्षांत वरचे बँड हळूहळू मंदावतील आणि खालच्या बँडवर जास्त भिस्त ठेवावी लागेल.

ऐकायचं काय, हे लोक विचारतातच. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्हवरची सभा ३१ जानेवारी २०२० ला संपली. त्या दिवसानंतर आमच्याकडच्या कितीतरी जुन्या माणसांनी सेट कपाटात ठेवून दिले, याचं मला फार वाईट वाटतं, कारण बँड अजून रिकामा झालेला नाही. बीबीसीची इंग्रजी सेवा आहे, चीनच्या केंद्राच्या इंग्रजीसोबत आपल्याकडच्या भाषांतल्या सभा आहेत, रोमानियासारख्या लहान देशाचं केंद्रसुद्धा आहे. सेटची परीक्षा घ्यायला आणखी एक सोपी जागा सांगतो. रात्री बरोबर १०,००० किलोहर्ट्झला या. सेकंदासेकंदाला टिक-टिक ऐकू आली तर ते चीनच्या वेळकेंद्राचं, बीपीएमचं प्रक्षेपण असण्याची शक्यता मोठी. टिक स्वच्छ असेल तर त्या रात्री ३१ मीटर चांगला चालणार हे धरून चाला. सेटला एसएसबी (हॅम लोकांचं बोलणं ऐकायची सोय) असेल तर सकाळी ७,००० ते ७,२०० च्या मधे त्यातली एलएसबी ही बाजू लावा. आपल्याकडची हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी एकमेकांची खुशाली विचारताना सापडतील.

आता जागा. विटांचं घर आणि वर टिनाचं छप्पर म्हणजे रेडिओला पेटीत कोंडल्यासारखं आहे. खिडकीत या, त्याहून अंगणात बरं, आणि सगळ्यात उत्तम मोकळं वावर. शॉर्टवेव्हला बाहेरचा ओढायचा अँटेना लागतो. मिडियम वेव्हला तो बहुधा लागतच नाही, तिथे आत बसवलेली फेराइटची काळी कांडी काम करते. या कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज मरतो, म्हणून मिडियम वेव्हवर अख्खा सेट फिरवून बघावा.

जादा तार लावायची असेल तर तालुक्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जा. पाच-सात मीटर वाइंडिंगची तार तिथे सहज मिळते. या तारेवर लाखेसारखं लाल-तपकिरी आवरण असतं, त्यातून वीज जात नाही. टोकाकडचं बोटभर अंतर ब्लेडने खरवडा, तार फिरवत फिरवत चारी बाजूंनी, लालसर तांबं चकाकेपर्यंत. मग ते टोक छोट्या चिमट्यात घट्ट पिळा आणि चिमटा सेटच्या अँटेनावर अडकवा. दुसरं टोक सुतळीने कडुलिंबाच्या फांदीला बांधा. सात मीटरहून लांब तार लहान सेटला सोसत नाही, जोरदार स्टेशनं एकमेकांवर चढतात. विजेच्या तारांच्या खालून किंवा वरून ही तार कधीही नेऊ नका. तिचा झोल तुटून लाईनवर पडला तर जीव जाईल.

गोंगाटाचं काय? एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सौर पंपाचा कंट्रोलर हे सगळे शॉर्टवेव्हवर घरघर ओततात. सेट सेलवरच चालवा, चार्जर लावून ऐकू नका. गावात लाईन गेली की पाच मिनिटं बँड फिरवून बघा, एरवी दबलेली स्टेशनं वर येतात. भारनियमनाची वेळ माझ्यासाठी ऐकायची वेळ आहे.

आमच्याकडचा खास गोंगाट मात्र झटका मशीनचा, म्हणजे जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राचा. कुंपणात साधारण सेकंदाला एक झटका जातो आणि रेडिओत तेवढ्याच चालीने ‘टक्… टक्…’ येतं. कुंपणाची तार स्वतःच अँटेना बनते, म्हणून सेट तिच्यापासून जितका दूर नेता येईल तितका न्या. पण हाच टक्-टक् कामाचा आहे. मिडियम वेव्हवर एखादी रिकामी जागा लावा, आवाज वाढवा आणि सेट हातात धरून कुंपणाच्या कडेकडेने चाला, तारेला न शिवता. सगळं नीट असेल तर ठोका बारीक आणि एकसारखा राहतो. एखाद्या खांबाशी तो एकदम कडक, कोरडा होतो. तिथे थांबा आणि बॅटरी मारा. कधी ओलं गवत तारेला टेकलेलं दिसतं, कधी इन्सुलेटर तडकून झटका खांबात उतरत असतो, अंधारात बारीक निळी ठिणगीही दिसते. आधी मशीन बंद करा, मगच हात लावा. गवत कापलं, इन्सुलेटर बदलला की डुकरांना पुन्हा पुरता झटका बसतो आणि तुमचा रेडिओही शांत होतो.

पावसाळ्याच्या तोंडाला रेडिओ आणखी एक काम करतो. मिडियम वेव्हवर किंवा शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवर मधूनमधून ‘कड्‌कड्’ येऊ लागलं तर कुठेतरी वीज पडते आहे. गडगडाट कानावर यायच्या कितीतरी आधी हे ऐकू येतं. कडकड दाट आणि मोठी होत गेली तर जादा तार सेटवरून काढून घराबाहेर टाका, मचाणावरून उतरा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. मोबाइलला रेंज असेल तिथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही बघून घ्या.

जपण्यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सेल. जागल संपली की सेल काढून ठेवायचे, दुसऱ्या हंगामापर्यंत ते आत राहिले तर फुटतात. जुना-नवा सेल एकत्र घालू नका, फुटणं तिथूनच सुरू होतं. अल्कलाइन सेलमधून पांढरी खपली बाहेर आली असेल तर काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसाच्या एक-दोन थेंबांनी पुसा. बारीक फेस येतो, येऊ द्या. साध्या स्वस्त सेलची गळती आंबट स्वभावाची असते, तिला लिंबू चालत नाही, तिथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लावा. दोन्ही वेळी शेवटी स्पिरिटने पुसून स्प्रिंग पूर्ण वाळू द्या. हाताला लागलं तर लगेच धुवा.

अँटेना ओढताना बुडाशी असलेल्या जाड नळीपासून एकेक भाग बाहेर काढा, आणि मिटताना टोकावर तळहात दाबून एकदम आत ढकलू नका. बारीक नळी तिथेच वाकते.

उन्हाचं तर सांगायलाच नको. मे महिन्यात सेट टिनाच्या खोपीत, मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर राहिला की पडदा काळा पडतो. सावलीत गार झाल्यावर तो बहुधा परत येतो, पण वाकलेलं प्लास्टिक परत येत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत स्पीकरच्या जाळीत रुई बसते, ती रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा. फवारणीच्या हातांनी सेट धरू नका. हात साबणाने धुवा, मगच बटण दाबा, कारण तोच सेट रात्री कानाशी येतो आणि घरातली लेकरंही तो हाताळतात.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर सेट बंद करून ते वीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा. नाही गेली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल यातलं काहीही नको.

एक वही ठेवा. स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १४३० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे ८. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फ्रिक्वेन्सी बदलतात, तेव्हा नेहमीचं स्टेशन जागेवर नसेल तर घाबरू नका, आसपास शोधा. वहीत तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं आणि आवाज कसा होता एवढं लिहा. हेच कागदावर उतरवून केंद्राला पाठवलं तर पुष्कळ केंद्रं अजूनही क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची पोच देणारं कार्ड, पाठवतात. कार्यक्रमातले दोन-तीन तपशील नक्की घाला, त्यावरूनच तुम्ही खरंच ऐकलंत हे ते पडताळून बघतात. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड स्वच्छ अक्षरात लिहा.