नादारीचा अर्ज आणि वकील: गोव्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

‘वकिलाला द्यायला पैसे असते तर दिवाळं कशाला काढलं असतं?’ कर्जात बुडालेल्या माणसाचा हा सवाल रास्त आहे. १६ मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सांगे, केपे भागातल्या टिपर मालकांचे हप्ते थकले. पुढे कोविडमध्ये तीच पाळी किनाऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यांवर आणि गेस्टहाऊसवाल्यांवर आली. अशा वेळी फी वाचवावीशी वाटणारच.

पण बहुतेक लोक नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज टाईप करून झाल्यावर विचारतात, की आता वकील लागेल का. खरं तर अर्ज करावा की करूच नये, हे आधी ठरायला हवं आणि तेवढ्यासाठी एका बैठकीचा सल्ला प्रत्येकाने विकत घ्यावा असं माझं मत आहे. पुढची सगळी केस वकिलाकडे सोपवायची की नाही, हे तुमच्या नावावर काय आहे ते पाहून ठरवता येतं.

कुठला कायदा लागू होतो ते न बघणं

यूट्यूबवर ‘चॅप्टर सेव्हन’ आणि ‘चॅप्टर थर्टीन’चे व्हिडिओ पाहून आलेली माणसं भेटतात. तो अमेरिकेचा कायदा आहे, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली खरी, पण व्यक्तींसाठीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकी सामान्य माणूस, दुकानदार, एकट्याच्या नावावर धंदा करणारा, यांच्यासाठी मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांबाहेर अजून १९२० चा प्रांतीय नादारी कायदा आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो.

म्हणजे म्हापशातलं तुमचं दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर दुकानाचं कर्ज हे तुमचंच कर्ज. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीचं प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातं. तुम्ही त्या कंपनीला हमी दिली असेल तर तुमचा रस्ताही तोच. हमीदाराने वकिलाशिवाय या वाटेला जाऊच नये.

‘माझ्या नावावर काही नाही’ असं गृहीत धरणं

वकील लागणार की नाही, याचा गोव्यातला निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, आणि लोक नेमकी हीच गोष्ट उडवून लावतात. अर्जात सगळी देणी, सगळे धनको (ज्यांचं देणं आहे ते), त्यांचे पत्ते आणि तुमची सगळी मालमत्ता किमतीसह लिहावी लागते. आता ‘तुमची’ म्हणजे काय?

गोव्यात पोर्तुगीज काळातली नागरी संहिता चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा, न वाटलेला हिस्सा असतो. जागा बायकोच्या एकटीच्या नावावर दिसते म्हणून तुमची नाही, असं होत नाही. उलट तुमच्या नावावरचं घर पूर्ण तुमचं आहे असंही नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातसुद्धा यासाठी कलम ५अ घातलं गेलं, त्यामुळे गोव्यातल्या कित्येक जोडप्यांचं भाड्याचं किंवा धंद्याचं उत्पन्न विवरणपत्रात निम्मं-निम्मं दाखवलेलं असतं. नादारीच्या अर्जात एक चित्र आणि विवरणपत्रात दुसरंच, असं निघालं तर बँकेचा वकील पहिला हात त्यावरच घालतो.

कर्ज घरादाराच्या फायद्यासाठी काढलं होतं का, बायकोची संमती होती का, यावर तिच्या अर्ध्या वाट्याला झळ लागणार की नाही हे ठरतं. हा वाद स्वतः उभं राहून मांडण्यासारखा नव्हे. वहिनींचा हिस्सा वाचवायचा असेल तर त्यांनी वेगळा वकील घेणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं, कारण दोघांचं हित प्रत्येक मुद्द्यावर एक असेलच असं नाही.

त्यात वडिलोपार्जित बागायत. आजोबा गेले, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) झालीच नाही, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आणि जुने कागद पोर्तुगीजमध्ये. तुमचं नाव कुठेच नाही म्हणून हिस्सा लपत नाही. तो अर्जात लिहायचा राहिला, तर पुढे ‘मालमत्ता दडवली’ असा आरोप होऊ शकतो आणि जाणूनबुजून दडवल्याचं सिद्ध झालं तर या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. अशी जमीन, अशी वारसाहक्काची गुंतागुंत असेल तर वकील कराच, आणि तोही गोव्यातली वारसाहक्काची प्रकरणं चालवणारा.

आधी जमीन भावाच्या नावावर, मग सल्ला

‘बक्षीसपत्र करून टाक, मग बघू’ हा सल्ला लग्नाच्या मांडवात फुकट मिळतो. हस्तांतर केल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला आणि तुम्ही नादार ठरलात, तर ते हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं. योग्य मोबदला देऊन सद्भावनेने घेणाराच त्यातून सुटतो. म्हणून बक्षीसपत्र टिकणं कठीण. एकाच धनकोचं, समजा मेहुण्याचं, देणं आधी चुकतं करून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं असेल, तर अर्जाच्या आधीचे तीन महिने तपासले जातात. असं काही होऊन गेलं असेल तर वकिलाला पहिल्याच बैठकीत सांगा. अर्ज आत्ता करावा की थांबावं, हे त्यावर ठरतं.

अर्ज केला की बँक थांबेल ही समजूत

घर किंवा गाडी तारण असेल तर नादारीचा अर्ज तारणदार बँकेला रोखत नाही. कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर त्या मुदतीत लेखी आक्षेप द्या, त्यांना बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायची, आणि गोव्यासाठी ते मुंबईत आहे. इथे एक दिवस चुकला तरी महागात पडतं. फीचे पैसे थोडेच असतील तर ते नादारीच्या अर्जाऐवजी इथे खर्च करा.

न वटलेल्या चेकची फौजदारी केसही अर्जामुळे आपोआप मिटत नाही. समन्स आलं असेल तर वकील कराच.

वकील नसला तरी चालेल, अशी वेळ

जमीन नाही, तारण नाही, हमी नाही, गेल्या दोन वर्षांत कुणाला काही दिलेलं नाही, देणी म्हणजे क्रेडिट कार्ड आणि एक-दोन वैयक्तिक कर्जं. अशा नोकरदाराला बहुधा नादारीच्या अर्जाचीच गरज नसते. बँकेशी एकरकमी तडजोड बोला, प्रकरण लोकअदालतीत न्या. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

घाबरून अर्ज करणारेही पुष्कळ. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत पगाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश जप्त होत नाहीत (पोटगीचा हुकूम वेगळा). निव्वळ ऐपत नाही म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलं आहे. वसुलीवाल्याची धमकी म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे.

शिवाय नादार ठरल्याने सगळं पुसलं जात नाही. सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी, मुक्ततेचा (नादारीतून आणि उरलेल्या देण्यांतून सुटल्याचा) हुकूम मिळाला तरी अंगावर राहतात. मुक्तता मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना परवडेल, पण नादारी न सांगता ५० रुपयांची उधारीसुद्धा गुन्हा ठरते. आकडा १९२० चा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नका.

फीबद्दल न बोलणं

नोटीशीला उत्तर, अर्ज, सुनावण्या आणि मुक्ततेचा अर्ज यांची फी वेगवेगळी विचारा आणि कागदावर घ्या. शेवटचा टप्पा लोक विसरतात, वकीलही विसरतात. ‘जे सुटेल त्यातले इतके टक्के’ असा सौदा भारतात वकिलाला करता येत नाही, तसं सुचवणाऱ्याकडून उठून या. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

अर्ज स्वतःच करून बसला असाल तर

मनात आलं म्हणून तो मागे घेता येत नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. एखादा धनको किंवा जमिनीचा हिस्सा राहून गेला असेल तर समोरच्याने काढायच्या आधी स्वतः दुरुस्ती मागा. हिशेबाच्या वह्या, बँकेची पासबुकं हजर करा. नादार ठरवताना न्यायालय मुक्ततेच्या अर्जासाठी मुदत घालून देतं. ती टळली तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा दारात. मुदत वाढवून मागता येते, पण सबळ कारण दाखवावं लागतं.

वकील केला आणि जमत नसेल तर बदला. फी बाकी आहे म्हणून त्याला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा तसा निकाल आहे. कागद आधी ताब्यात घ्या, पुढच्या तारखेची खात्री न्यायालयाच्या कार्यालयातून करा, आणि नव्या वकिलाचं वकीलपत्र त्या तारखेच्या आत दाखल होऊ द्या.