स्लॅबच्या ओतकामाआधी स्लम्प चाचणी कशी घ्यावी

आर.एम.सी.ची (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी साइटवर उभी राहताच स्लम्पचा, म्हणजे साचा उचलल्यावर काँक्रीटचा ढीग किती खाली बसतो त्याचा, आकडा मागितला जातो; परंतु नमुना चुकीच्या ठिकाणचा असेल, तर तो आकडा निरर्थक ठरतो. पन्हळीतून येणारा पहिला माल प्रातिनिधिक नसतो. तो सोडून द्यावा आणि मधल्या मालातील काही घमेली ओल्या पत्र्यावर घेऊन फावड्याने पुन्हा एकजीव करावीत.

साचा 300 मिमी उंच, तळाशी 200 आणि माथ्याशी 100 मिमी व्यासाचा असतो. त्याच्यासोबत 16 मिमी जाडीची, 600 मिमी लांबीची, गोल टोकाची सळई लागते. साइटवर टी.एम.टी. (बांधकामाच्या) सळईचा कापलेला तुकडा सर्रास वापरला जातो. त्याच्या धारदार टोकाने माल कापला जातो, नीट दबत नाही.

साचा आतून ओला करून जास्तीचे पाणी पुसावे, सपाट पत्र्यावर ठेवून दोन्ही पायांनी दाबून धरावा आणि तीन समान उंचीच्या थरांत भरून प्रत्येक थराला 25 ठोके द्यावेत. (1959 च्या भारतीय मानकात चार थर होते, त्यामुळे जुन्या मिस्त्रींचा हात तसाच चालतो.) वरच्या थराचे ठोके खालच्या थरात जेमतेम शिरावेत. माथा थापीने सपाट केल्यावर तळाभोवती सांडलेला माल काढावा. हे काम घाईत सर्वाधिक राहून जाते. मग साचा न पिळता, काही सेकंदांत सरळ वर उचलावा, ढिगाशेजारी उभा ठेवावा, त्यावर सळई आडवी धरावी आणि ढिगाच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. ढीग 180 मिमी उरला, तर स्लम्प 120 मिमी. ढीग एका बाजूला घसरला, तर चाचणी पुन्हा घ्यावी. पुन्हा तसेच झाले, तर माल चिकटून राहत नाही, अशी नोंद करावी.

स्लम्प कमी आला की ड्रममध्ये पाइप सोडायला चालक तयारच असतो. त्याला थांबवावे, कारण वाढलेले पाणी ताकद कमी करते. पाण्याऐवजी मिश्रक (काँक्रीट प्रवाही करणारे रसायन) घालायचे का, हा प्रश्न प्लांटच्या तंत्रज्ञाकडेच न्यावा.

त्याच नमुन्यातून 150 मिमीचे तीन क्यूब (ताकद तपासण्याचे ठोकळे) भरावेत: तीन थर, प्रत्येकी 35 ठोके. त्यांवर तारीख आणि गाडी क्रमांक लिहून, ओल्या गोणपाटाखाली, पंपाच्या हादऱ्यांपासून दूर 24 तास न हलवता ठेवावेत.