कादंबरी आणि बखर एकाच बाकावर

सहावी ते आठवीच्या वर्गावर नव्यानं इतिहास शिकवायला जाणाऱ्या शिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. ऐतिहासिक कादंबरीतला उतारा आणि त्याच घटनेचं अस्सल साधन मुलांच्या हातात एकाच आठवड्यात द्या. आधी कादंबरी, मग साधन. बखरीची भाषा मुलांना अडते. मनात प्रश्नच नसेल तर त्या भाषेशी झगडायचं त्यांना काही कारण उरत नाही. कादंबरीतला प्रसंग वाचून झाला की "बाई, हे खरंच असं झालं होतं का?" असं कुणीतरी विचारतंच. तो प्रश्न आला की बखर काढायची.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला मराठी आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवते. तुमच्या शाळेत या विषयांचे शिक्षक वेगळे असतील, तर जूनमध्ये वार्षिक नियोजन करतानाच मराठीच्या शिक्षकांशी बोलून ठेवा. एका आठवड्यात मराठीचे दोन आणि इतिहासाचे दोन तास जोडून मिळाले तरी पुरतं. वेगळा प्रकल्प म्हणून मागायला गेलात तर वेळ मिळणं कठीण जातं, टाचणातच बसवलंत तर कुणाची हरकत नसते.

सुरुवात सिंहगडापासून करा. सातवीला शिवकाळ असतोच, आणि पुण्यातल्या बहुतेक मुलांनी गड पाहिलेला असतो, निदान तिथलं पिठलं-भाकरी तरी खाल्लेलं असतं. कादंबरी घ्यायची ती हरी नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला'. आपटे पुण्यातच राहत. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः छापून येत. हे मुलांना आधी सांगा. पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणं ही लेखकाची गरज होती, हे कळलं की प्रकरणाच्या शेवटाकडे ती वेगळ्या नजरेनं पाहतात. आपट्यांचं निधन १९१९ सालचं, त्यामुळे कादंबरी स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे आणि झेरॉक्स काढून वाटायला अडचण नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. अलीकडच्या लेखकांचे उतारे निवडताना हे ध्यानात ठेवा. संपूर्ण कादंबरी सातवीला झेपणार नाही, भाषा जुनी आणि वाक्यं लांब आहेत. तीन-चार पानं निवडा आणि ती तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचा. वाचण्याचं काम मुलांवर सोपवलं तर निम्मा वर्ग पहिल्याच परिच्छेदात गळतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर घ्यायची. जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९४ मध्ये लिहिलेली, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीनंतर दोन तपांनी. बखरीतली सिंहगडाची हकिगत अगदी थोडक्यात आहे. तानाजी कोंढाणा घ्यायचं कबूल करतो, वस्त्रं आणि विडे घेतो आणि माणसं घेऊन गडाखाली जातो. रायबाचं लग्न तिथे नाही. घोरपडही नाही, निवडलेले दोन मावळे कडा चढून वर जातात. कादंबरीतली कमलकुमारीसुद्धा नाही. शेवटी महाराजांच्या तोंडी वाक्य येतं ते असं: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

इथे वर्ग गप्प होतो आणि मग एकदम सगळे बोलायला लागतात. घाई करू नका, हा तास पूर्ण त्यांना द्या. "मग घोरपड कुठून आली?" याचं उत्तर तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे, म्हणून पोवाड्याच्या काही ओळीही जवळ ठेवा. आता मुलांसमोर बखर, पोवाडा आणि कादंबरी असे तीन मजकूर असतात. प्रत्येकाचा लिहिणारा वेगळा, काळ वेगळा, ऐकणारे-वाचणारे वेगळे. बखरकार दरबारासाठी लिहितो, शाहिराला जमलेल्या माणसांच्या अंगावर काटा आणायचा असतो, आपट्यांना पुढचा अंक भरायचा असतो. हे एकदा उलगडलं की लग्नाचा प्रसंग कथेत कशाला हवा होता, हे मुलांना आपलं आपण समजतं. घरचं कार्य टाकून निघालेला माणूस परत आला नाही, म्हणूनच त्याचं जाणं ऐकणाऱ्याला इतकं लागतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलांकडून हे ऐकताना मला दर वर्षी तितकाच आनंद होतो.

त्यानंतर मी शिवाजी महाराजांचं १६६३ मधलं एक पत्र सांगते. सिंहगडावर फितवा झाल्याची खबर त्यात आहे आणि गडाचं नाव सिंहगड असंच आलं आहे. म्हणजे तानाजीच्या आधी सात वर्षं हे नाव वापरात होतं. हे पत्र पहिल्याच दिवशी बाहेर काढू नका. बखर वाचून झालेल्या मुलांना ते पेलतं. त्याआधी ते फक्त धक्का देतं.

याच टप्प्यावर घरून विचारणा येऊ शकते. पालकसभेत कुणीतरी म्हणेल, "तुम्ही मुलांना तानाजीची गोष्ट खोटी आहे असं शिकवता का?" प्रश्न मनापासूनचा असतो, उत्तरही तसंच द्यायला हवं. वर्गात मी एक शिस्त पाळते: "असं झालंच नाही" हे वाक्य आम्ही वापरत नाही, "या साधनात याचा उल्लेख नाही" असं म्हणतो. तानाजी लढला, पडला आणि गड स्वराज्यात आला हे बखर सांगतेच, आणि तेही मोजक्या शब्दांत, त्यामुळे ते अधिकच भिडतं. पालकांना मी मुलांच्या वह्या दाखवते. वह्या वाचल्यावर बहुतेकांची शंका फिटते.

वहीतलं काम असं. उताऱ्यातली जी गोष्ट दुसऱ्या साधनातही सापडते, तिच्याखाली हिरवी रेघ. जी कुणालाच कळणं शक्य नव्हतं, म्हणजे मनातले विचार, एकांतातलं बोलणं, तिच्याखाली लाल. आणि जी त्या काळात असू शकली असती, पण नेमकी तशीच होती का ते सांगता येत नाही, तिच्याखाली पेन्सिलची रेघ: कपडे, जेवण, थंडी, रस्ते. हिरवं-लाल पटकन होतं. खरी मजा पेन्सिलीत आहे. रात्रीच्या अंधारात कडा दिसत असेल का? माघ वद्य नवमी होती म्हणतात, मग चंद्र कधी उगवला असेल? मुलं विज्ञानाच्या बाईंकडे जाऊन विचारतात. लेखकाची मेहनत कुठे असते हे त्यांना इथेच कळतं, आणि निबंधातला "एकदा एक राजा होता" हळूहळू गळून पडतो.

जमलं तर सहल सिंहगडावरच न्या आणि वह्या बरोबर ठेवा. तानाजी कड्याच्या वर उभं राहून खाली पाहिल्यावर उताऱ्यातल्या रेघा मुलं स्वतःच बदलतात. पावसाळ्यात मात्र नको, कडा निसरडा असतो आणि धुक्यात काही दिसतही नाही.

आठवीला आधुनिक काळ असतो. तिथे मी मुक्ता साळवेचा निबंध आवर्जून घेते. फुल्यांच्या शाळेतली ही मुलगी, तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लिहिला तेव्हा ती माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची होती. ऐतिहासिक कादंबरीत मुली आणि दलित माणसं बऱ्याचदा कडेला उभी असतात, म्हणून इथे मी क्रम मुद्दाम बदलते. आधी मुक्ताचे स्वतःचे शब्द वाचायचे, आणि मग तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीची गोष्ट मुलांनी लिहायची.

स्वतः लिहिण्यासाठी सगळ्यात चांगला विषय मात्र पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून धरण वाचवायला झटत होते. ज्यांनी हे लहानपणी पाहिलं ती माणसं आता सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत आणि अनेक मुलांच्या घरात, वाड्यात, सोसायटीत आहेत. त्यांच्याशी बोलून यायचं, ग्रंथालयात त्या आठवड्याची वर्तमानपत्रं काढायची, आणि मग एका काल्पनिक मुलाची किंवा मुलीची त्या दिवसाची गोष्ट लिहायची. आजोबांनी सांगितलेली पाण्याची वेळ आणि छापील वेळ जुळत नाही, तेव्हा मुलं गोंधळतात. गोंधळू द्या. दोन्ही नोंदी वहीत राहू द्या आणि गोष्टीत कुठली घेतली, का घेतली, ते मुलानं दोन ओळींत लिहावं.

गोष्टी तपासायचं काम मुलांकडेच द्या, ती फार बारकाईनं पाहतात. एका गोष्टीत घरची माणसं टीव्हीवर बातमी बघत होती, तर शेजारच्या बाकावरून हात वर आला, कारण मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. दुसरीत दुकानदार आणे मागत होता. त्यावर वाद झाला. नवे पैसे १९५७ पासून आले होते, पण आजी म्हणाली की माणसं बोलताना आणेच म्हणत. अखेर वर्गानं आणे राहू दिले.

मूल्यमापनाची काळजी करू नका. हे सगळं आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम म्हणून बसतं. गुण देताना मी गोष्टीच्या भाषेइतकंच वजन त्या दोन ओळींच्या टिपेला देते, आणि हे मुलांना आधीच सांगितलेलं असतं.

तुम्हाला स्वतःला तयारी करायची असेल तर एखाद्या सुट्टीत सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन या. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेली ही संस्था आहे. मोडीतला एखादा कागद डोळ्यांनी पाहा. त्यानंतर वर्गात "साधन" हा शब्द उच्चारताना तुमच्या आवाजात फरक पडतो, आणि मुलांना तो लगेच कळतो.