गव्हाची बार्लीवाइन चाखताना या चुका टाळा

वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत दोन-तीन महिन्यांनी आम्ही पाच-सहा जण जमतो. जहाजावर नोकरी करणारा कुणी सुट्टीवर आला, की त्याच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळलेली एखाद-दुसरी बाटली असते आणि आम्ही तिचीच वाट पाहत असतो. त्यात कधीमधी व्हीटवाइन निघते. इतक्या लांबून जपून आणलेली बाटली दोन घोटांत ‘गोडच आहे’ म्हणून बाजूला सारलेली मी फार वेळा पाहिली आहे. दर वेळी त्याच चुका होतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी ती चीज काय आहे ते बघू. बार्लीवाइनमध्ये द्राक्ष नसतं, ती वाइनच्या जवळ जाईल इतकी कडक बिअर. तिच्यातलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, निम्मं किंवा त्याहून जास्त गव्हाचं असलं की ती व्हीटवाइन. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात रुबिकॉन ब्रुइंग कंपनीने ती १९८८ साली पहिल्यांदा केली. परीक्षक जी बीजेसीपीची (बिअर परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेची) नियमावली वापरतात तिच्यात अल्कोहोल ८ ते १२ टक्के आणि कडूपणा ३० ते ६० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असा दिला आहे. गव्हाचं फोलपट मळणीतच निघून जातं. त्यामुळे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा नुसता चिखल होऊ नये, रस खाली झिरपावा, म्हणून तिकडचे ब्रुअर त्यात भाताचं तूस मिसळतात. आपल्याकडे गिरणीमागे ज्याचे ढीग पडलेले असतात, तेच तूस. फोलपटातून येणारा तुरटपणा कमी आणि गव्हातली प्रथिनं जास्त, म्हणून ही बिअर तोंडात उकड्या तांदळाच्या पेजेसारखी गुळगुळीत आणि भरीव लागते. हे डोक्यात असलं तरच पुढचं समजेल.

बर्फातून काढून थेट ओतणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. आपल्या हवेत मे महिन्यात बिअर म्हटलं की बाटलीवर पाणी सुटलेलं हवं आणि पहिला घोट कपाळात जायला हवा, ही सवय. साध्या हलक्या बिअरला ती चालते. व्हीटवाइनचं मात्र अर्धं जगणं वासात आहे आणि तीन-चार अंशांवर वास ग्लासातून वर येतच नाही. जिभेलाही गारठ्यात माल्टची गोडी नीट कळत नाही, वरवरचा कडूपणा मात्र टोचतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. चार जण होतो. एकाच्या मामेभावाने आणलेली बाटली सकाळपासून बर्फाच्या पेटीत. मी म्हटलं, थोडी बाहेर राहू दे. पण पोरं थांबायला तयार नव्हती आणि मीही जोर केला नाही. ओतली, हुंगली, प्यायलो. चौघांच्या कागदांवर साधारण एकच मजकूर: वास कमी, गोड, शेवट कडू. सरासरी निघाली ५० पैकी २७. तेवढ्यात लाइट गेली. मेणबत्ती शोधणं, खिडक्या उघडणं, कुणाचा तरी फोन, यात अर्धा तास गेला आणि ग्लास तसेच टेबलावर राहिले. मग आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराने अंधारात आपला उरलेला ग्लास नाकाशी नेला आणि ओरडला, “दादानू, ह्येका मधाचो वास येता! मगाशी नाय होतो!”

खरंच होता. मध, बेकरीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वरचा भाग, मागे किंचित आंबापोळी. कडूपणा होता तितकाच होता, पण आता तो गोडीला आवर घालत होता. मेणबत्तीच्या उजेडात पुन्हा गुण दिले, ते ३८ झाले. बाटली तीच, जिभा त्याच. बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत २७ म्हणजे नुसती ‘चांगली’ आणि ३८ला ‘उत्कृष्ट’ सुरू होतं. ही बाटली बनवणारा समोर असता, तर त्याला आम्ही काय तोंड दाखवलं असतं?

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. बाटली फ्रिजमध्येच ठेवायची, बर्फात नाही. चाखण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं टेबलावर काढायची. १० ते १३ अंशांच्या आसपास ओतायची आणि ओतल्यावर ग्लास तळव्यात धरायचा. पहिला वास लगेच, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा पंधरा मिनिटांनी. तिन्ही वेळा लिहायचं. ज्याला एवढा वेळ नाही त्याने दुसरी कुठली तरी बिअर उघडावी, असं मी आता तोंडावर सांगतो. पण उलट टोकही गाठू नका. आपल्या ३२ अंशांच्या पडवीत तासभर राहिलेल्या ग्लासात नुसता अल्कोहोल नाकात चढतो.

गहू म्हणजे केळं आणि लवंग, असं धरून बसणे

आपल्याकडे गव्हाची बिअर म्हणून जे मिळतं ते बहुतेक जर्मन नाहीतर बेल्जियन वळणाचं. एकात यीस्टमुळे पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, दुसऱ्यात धणे आणि संत्र्याची साल. ते वास गव्हाचे आहेत असा समज पक्का बसला आहे. केळं आणि लवंग हे त्या विशिष्ट यीस्टचं काम असतं. गहू देतो पिठाचा, पावाचा, मधाचा वास आणि ती पेजेसारखी भरीव चव.

एका हौशी ब्रुअरांच्या स्पर्धेत मी परीक्षक म्हणून बसलो होतो. शेजारच्या परीक्षकाने एका व्हीटवाइनला ३६ गुण दिले, मी २२. एका टेबलावरचे गुण सातपेक्षा जास्त फरकाचे नसावेत असा दंडक, त्यामुळे बोलणं भाग होतं. ते म्हणाले, “अहो, केवढं सुंदर केळं आहे!” केळं सुंदर होतं, यात वादच नाही. वेलची केळ्याचा घड समोर ठेवल्यासारखा वास होता. पण नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे, की केळं-लवंगेचं हे वळण व्हीटवाइनमध्ये बसत नाही. त्याच टेबलावर आधी आलेली, स्वच्छ यीस्टची, मध आणि पावाच्या वासाची एक बाटली त्यांनी ‘यीस्टचा वास नाही’ म्हणून खाली ढकलली होती. याचं मला जास्त वाईट वाटलं. ज्याने नेमून दिलेलं काम बरोबर केलं, त्याचेच गुण कापले गेले होते. मी नियमावलीचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. दोन्ही बाटल्या आम्ही पुन्हा चाखल्या आणि दोन्हींचे गुण बदलले.

म्हणून मी कितीही वेळा व्हीटवाइन चाखली असली, तरी बसण्याआधी तिचं पान एकदा वाचतोच. दोन मिनिटं लागतात. पान न वाचता बसणाऱ्याशेजारी मी आता बसत नाही.

घसा जळला म्हणजे दमदार

फेणीवर वाढलेल्या मंडळींची ही खास चूक. काजूच्या फेणीत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतो, तिथे जळजळ हा स्वभावच. इथे १० टक्क्यांच्या बिअरने छातीत ऊब आणायची असते, घशात चटका नाही. चटका बसला, वर नेलपॉलिशसारखा वास आला, तर यीस्टला फार गरम हवेत काम करावं लागलं असं समजावं. तो दोष आहे. ऊब आणि चटका यातला फरक कळायला माझी युक्ती साधी आहे: घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. चटका असेल तर तिथेच कळतो.

माळ्यावर ठेवलेली बाटली ‘मुरलेली’ समजणे

कडक बिअर मुरते हे खरं, पण थंड अंधारात. कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात ती मुरत नाही, शिजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो, असा ढोबळ हिशोब आहे. शेरी या स्पॅनिश वाइनसारखा, मनुकांचा वास आला तर तो वयाचा मान समजून थोडा सोडून द्यावा. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर नाही.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. गढूळपणा पाहून लगेच गुण कापू नका, गारठ्यात प्रथिनं आणि पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) एकमेकांना बिलगतात आणि ग्लास तापला की बहुतेक वेळा निवळतं. शिवाय दिसण्याला ५० पैकी तीनच गुण आहेत, वासाला १२ आणि चवीला २०. प्लास्टिकच्या ग्लासात ओतू नका. भांड्यांच्या साबणाचा वास राहिलेल्या ग्लासात तर मुळीच नाही. शेजारी बांगडा तळत असेल तर कार्यक्रम संध्याकाळवर ढकला. मार्च-एप्रिलमध्ये घरात सुरंगीचे गजरे असतात, ते आतल्या खोलीत. सोबत फरसाण नको, साधा पाव आणि पाणी. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलू नये, कारण ज्याचा आवाज मोठा त्याचीच चव सगळ्यांना लागते. प्लम कधी खाल्लं नसेल तर ‘प्लम’ लिहू नका. काकवी, फणसाचा गरा, काजूचं बोंड, जे नाक ओळखतं ते लिहा.

आणि ग्लास भरू नका. ५० मिलिलिटर पुरतात. १० टक्क्यांची ३३० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ५ टक्क्यांच्या साध्या बिअरची ६५० मिलिलिटरची अख्खी बाटली. अशा चार बाटल्या चाखायच्या असतील तर सगळ्यात सौम्य आधी, कडक शेवटी, आणि स्कूटरच्या चाव्या आधीच माझ्या आईकडे. ती झोपायच्या आधी कुणाला परत देत नाही.

सगळं झाल्यावर ग्लास लगेच विसळू नका. रिकामा ग्लास पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि मग हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो आणि तळाशी माल्ट राहिलेलं असतं. मघाशी ज्यावर वाद घातला तो मध होता की नुसती साखर, ते तिथे कळतं. त्या वासावरून मी कागदावरचा आकडा अजूनही कधीकधी बदलतो.