ढालकिडे सोडण्याआधी खोडावरची मुंग्यांची रांग तोडा

पाऊस उघडला आणि वडोदरा जिल्ह्यातल्या पाद्रा, सावली, वाघोडियाकडच्या पेरूच्या बागांत पानं काळी पडायला लागली. हा रोग समजून बुरशीनाशक मारत बसू नका. पान उलटं करा. शिरेच्या कडेला हिरवट चपटे खवले किंवा कापसासारखे पुंजके दिसतील. ही खवलेकीड आणि पिठ्या ढेकूण. यांच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यावर काजळी धरते. त्याच चिकट्यासाठी मुंग्या झाडावर चढतात, आणि बाग हातची जाते ती इथे.

दरवर्षी तेच बघतोय. शेतकरी पैसे मोजून ढालकिडे, म्हणजे ही कीड खाणारे लेडीबर्ड भुंगेरे, आणतो (आपल्याकडचे गुजराती शेतकरी दाळिया म्हणतात ते), झाडावर सोडतो, आणि पंधरा दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणून पंप पाठीला लावतो. किड्यांचा दोष नसतो. चिकटा मिळत राहावा म्हणून मुंग्या खवलेकिडीची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. रांग चालू असताना किडे सोडणं म्हणजे पैसे मातीत.

म्हणून आधी हे करा. जमिनीपासून फूट-दीड फुटावर खोडाला 25 ते 30 सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी सुतळीने घट्ट बांधा. खालच्या फटी चिखलाने लिंपा. ग्रीस पट्टीवर लावा, सालीवर नको. जमिनीला, कुंपणाला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा. आणि टेकू! फळांनी वाकलेल्या फांदीला दिलेल्या बांबूवरून मुंग्या आरामात वर जातात. पट्टी बांधूनही रांग दिसली, तर मी आधी टेकू बघतो. त्यालाही ग्रीस लावा. आठवड्याने ग्रीसवर धूळ बसते, तेव्हा पुन्हा लावा.

आता किडे. पेरूसाठी घ्यायचा तो क्रिप्टोलेमस: अंग काळपट, डोकं आणि शेपटाकडची बाजू नारिंगी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी भारतात आणला गेला. शिफारस झाडामागे 10 ते 20 प्रौढ किड्यांची आहे. माझा अंदाज असा की सगळ्या झाडांना सारखे वाटू नयेत. ज्या झाडाखालचं गवतही चिकट झालंय त्याला वीस, बाकीच्यांना दहा. ऑक्टोबरचं ऊन अजून कडक आहे, तेव्हा संध्याकाळीच सोडा. आणि उशीर करू नका. थंडीत हा किडा मंदावतो, एका पिढीला महिनाभर लागतो. तुळशीच्या लग्नाआधी काम उरकलं पाहिजे.

सोडल्यावर काही दिवसांनी पांढऱ्या मेणाच्या झालरी असलेल्या अळ्या दिसतील. पिठ्या ढेकणासारख्याच, पण मोठ्या आणि भराभर चालणाऱ्या. त्याच ढालकिड्याच्या अळ्या. एका बागेत ‘कीड वाढली’ म्हणून मालकाने यांच्यावरच फवारा मारलेला मी पाहिलाय. दोन महिन्यांची मेहनत एका सकाळी गेली.

दुकानदार पायरेथ्रॉइड (रासायनिक कीटकनाशक) आणि आणखी एखादं महागडं औषध मिसळून मारायला सांगेल. घेऊ नका. मेणाखालची कीड बरीचशी वाचते, ढालकिडे मात्र मरतात, मग कीड दुपटीने येते आणि तुम्ही पुन्हा त्याच दुकानात. कीड फारच असेल तर फिश ऑइल रोझिन सोप (माशाचं तेल आणि राळ यांचा साबण), लिटरला 25 ग्रॅम, पानांच्या खालून. त्यानंतर मी आठ दिवस थांबतो, मग किडे सोडतो.

लिंबावर चकचकीत काळा, गोल ढालकिडा दिसला तर तो चिलोकोरस, आपल्याच मुलखातला. तो कडक कवचाची खवलेकीड खातो. विकत आणायला नको, फक्त औषध मारू नका.

बाकी नेहमीची कामं: तण काढणे. किडक्या फांद्या छाटून जाळणे. पडलेली फळं उचलणे. खोडाजवळची वारुळं खणणे. आळ्यातलं जास्तीचं पाणी काढणे.

किड्यांसाठी आणंदच्या कृषी विद्यापीठात जैविक नियंत्रण विभागात चौकशी करा. पट्ट्या बांधून झाल्यावरच मागणी नोंदवा. डबा घरी आल्यावर सावलीत ठेवा आणि त्याच संध्याकाळी बागेत न्या. उघडण्यापूर्वी प्रत्येक खोडाशी पाच मिनिटं बसा. पट्टीच्या वर एकही मुंगी चढताना दिसली, तर त्या झाडाचे किडे त्या दिवशी सोडू नका.